युकातानच्या सेनोतेंमध्ये पोहायला: गाइड घेऊन एक दिवस (अनुभव, माहिती, प्रश्नोत्तरं)

पाणकोंबडी

नमस्कार मंडळी. मेक्सिकोला जाऊन आलेल्यांचे बरेच धागे इथे आहेत पण बहुतेक सगळे कॅनकूनचं रिसॉर्ट, बीच आणि चिचेन इत्झा (माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष) इथवर येऊन थांबतात, आणि सेनोतेंबद्दल एखादी ओळ असते की वाटेत एका ठिकाणी थांबलो, फार गर्दी होती. मला ते वाचून दर वेळी हळहळ वाटते म्हणून हा वेगळा धागा काढतेय, ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला.

ज्यांनी नावच ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग म्हणजे सपाट चुनखडीचा खडक, वर नदी नाही की ओढा नाही, पडेल तो पाऊस सरळ खाली मुरतो आणि जमिनीखालच्या भुयारांतून समुद्राकडे जातो. या भुयारांचं छत कुठे कुठे कोसळतं, तिथे जे पाणी उघडं पडतं ते सेनोते. अशा हजारो जागा आहेत तिथे. काही पूर्ण उघड्या, गोल डोहासारख्या, काहींचं अर्धं छत शिल्लक असतं, आणि काही नुसत्या गुहा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक आणि आत भलंमोठं पाणी. माया लोकांची शहरं, शेती, देवधर्म सगळं याच पाण्याच्या आधाराने झालं कारण दुसरं पाणीच नाही.

आम्ही ह्यूस्टनहून गेलो होतो. मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि भारतातून आलेले सासरे. कॅनकूनला न राहता वायादोलिदला राहिलो आणि हा निर्णय मी सगळ्यांना सुचवेन, कॅनकूनपासून साधारण १६० किलोमीटर आत आहे, छोटं, शांत, रंगीत भिंतींचं गाव, आणि गावाच्या मधोमधच सासी नावाचं मोठं सेनोते आहे, म्हणजे संध्याकाळी चालत जाऊन बघता येतं. कॅनकूनहून निघणाऱ्या डे ट्रिपमध्ये पहाटे उठवतात, हॉटेलं फिरत फिरत बस भरतात, मग दोन-अडीच तास प्रवास, चिचेन इत्झा, बुफे, एक सेनोते (तिथे पाऊण तास) आणि परत. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी ते करावं, पण मग पाण्यात उतरल्याचं समाधान मिळत नाही.

आम्ही वायादोलिदमधूनच एक स्थानिक गाइड ठरवला. माया कुटुंबातला, घरी अजून माया बोलतात, स्पॅनिश आणि कामापुरतं उत्तम इंग्लिश. छोटी व्हॅन, आमच्याशिवाय एक फ्रेंच जोडपं. सकाळी लवकर निघून आधी झित्नुपची जोडगोळी केली, श्केकेन आणि सामुला, दोन्ही एकाच आवारात आहेत आणि गावापासून अगदी जवळ. श्केकेन म्हणजे घुमटाकार गुहा, छतातून लवणस्तंभ इतके खाली आलेत की काहींची टोकं हाताला लागतील असं वाटतं, आणि छताला एक लहान भोक. सामुलामध्ये वरच्या झाडाची मुळं त्या भोकातून थेट खाली पाण्याच्या दिशेने लोंबतात, लांबच लांब, दोरासारखी. ही दोन्ही प्रसिद्ध आहेत, दुपारी बस येतात, आम्ही पोचलो तेव्हा मोजकी माणसं होती. उन्हाचा झोत सरळ पाण्यात पडलेला बघायचा असेल तर साधारण ११ ते १ ची वेळ, पण तेव्हाच गर्दी, त्यामुळे कुठल्या ठिकाणी कधी जायचं हे जो रोज जातो त्यालाच कळतं. गाइडने श्केकेन आधी उरकलं आणि उजेडाची वेळ तिसऱ्या जागेसाठी राखून ठेवली.

ती तिसरी जागा त्याच्या गावाची. नाव देत नाही कारण गावाने ती मुद्दाम जाहिरातीत आणलेली नाहीये. जमीन गावाच्या सामायिक मालकीची, ज्याला तिथे एहिदो म्हणतात, एका छपराखाली दोन मावशी बसलेल्या, त्यांच्याकडे पैसे भरायचे, लाइफ जॅकेट घ्यायचं आणि आधी अंघोळ करायची. नुसतं अंगावर पाणी ओतणं चालत नाही, नीट धुवायचं. सनस्क्रीन, डास पळवायचं क्रीम, डिओ, मेकअप, काहीही अंगावर ठेवायचं नाही, बायोडिग्रेडेबल लिहिलेलंसुद्धा नाही. आणि इथे आपल्या लोकांना खास सांगते, आदल्या रात्री मुलांच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडू नका! माझ्या मुलीच्या केसांना होतं, मावशींनी हात लावून बघितला आणि शॅम्पू देऊन परत पाठवली. मला त्यांचं फार पटलं. तेच पाणी गाव पितं.

खाली उतरायला लाकडी जिना, ओला, दोन्ही बाजूला दोर. साधारण सहा-सात मजले उतरल्यासारखं वाटतं. वर रणरणतं ऊन आणि चार पायऱ्यांत हवा बदलते, दमट, गार, वटवाघळांचा वास. खाली छोटा फळ्यांचा धक्का आणि मग पाणी. ते इतकं नितळ की बुडाचे दगड हातभर अंतरावर वाटतात आणि गाइड सांगतो की इथे खोली दहा-बारा मीटर आहे. पाणी वर्षभर २४-२५ अंशांच्या आसपास असतं, पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो, मग मस्त वाटतं. छोटे मासे पायाला येऊन टोचत राहतात. गाइडने सगळ्यांना दोराला धरून मध्यभागी नेलं आणि सगळ्यांचे हेडलॅम्प बंद करायला सांगितले. वरच्या भोकातून एक तिरका उजेडाचा पट्टा पाण्यात घुसलेला, खालपर्यंत निळा, त्यात धुळीचे कण फिरतायत, आणि लवणस्तंभाच्या टोकावरून थेंब पडला की त्याचा आवाज घुमटभर फिरून येतो.

माझे सासरे सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातले, पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. वय सत्तरच्या पुढे. जॅकेट घालायला लागलं म्हणून थोडे नाराज होते, पण एकदा पाण्यात शिरले आणि पाठीवर पडून जे हात मारायला लागले ते बाहेर यायचं नावच घेईनात. गाइडने त्यांना माया भाषेत काहीतरी विचारलं, हे मराठीत काहीतरी बोलले, दोघं हसले. मला शेवटपर्यंत कळलं नाही काय ते.

तर माझं म्हणणं एवढंच की सेनोते कुठलं यापेक्षा नेणारा कोण हे आधी बघा. मोठ्या बसच्या ट्रिपला सेनोते म्हणजे स्विमिंग पूल असतो. ज्याच्या घरचं ते पाणी आहे त्याच्याबरोबर गेलात तर तो काय करायचं, काय नाही, कुठे हात लावायचा नाही हे सगळं दाखवतो आणि त्यातच निम्मी मजा आहे.

मिरजमळा

पाणकोंबडीताई, काय सुंदर लिहिलंय, वाचनखूण साठवली. पांगऱ्याचा बिंडा वाचून आमचा मळाच डोळ्यासमोर आला, आम्हाला सुकलेला भोपळा बांधायचे, काहींना पत्र्याचा डबा, आणि थोरला चुलतभाऊ मागून ढकलायचा. आता तिकडच्या बहुतेक विहिरी एकतर आटल्यात नाहीतर त्यात उतरायला कोणी देत नाही.

एक प्रश्न, मला पोहता येतं पण बायकोला अजिबात येत नाही आणि तिला खोल पाण्याची भीती आहे. तिने काय करायचं, नुसतं वर बसायचं का?

पाणकोंबडी

@मिरजमळा, अजिबात वर बसवू नका त्यांना. बऱ्याच ठिकाणी लाइफ जॅकेट सक्तीचं आहे आणि पाण्यावर आडवा दोर बांधलेला असतो, त्याला धरून तरंगायचं. फ्रेंच जोडप्यातल्या बाईला पोहता येत नव्हतं, ती पूर्ण वेळ दोर धरून होती आणि खूश होती. फक्त जॅकेटच्या मांडीखालच्या पट्ट्या आणि छातीचं बक्कल नीट आवळून घ्या, सैल जॅकेट पाण्यात गळ्यापर्यंत वर येतं आणि नवख्या माणसाला तिथेच धडकी भरते. पहिलं सेनोते उघडं आणि कडेला उथळ भाग असलेलं निवडा, समुद्रकाठच्या तुलुम गावाकडे अशी बरीच आहेत, तिथे पाणी जमिनीच्या जवळ असतं. गुहेतलं दुसऱ्या नंबरला ठेवा. आणि गाइडला गाडीतच सांगा की हिला भीती वाटते, म्हणजे तो आधी तिच्याजवळ राहील.

सह्यखडक

धागा आवडला. मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो, त्यामुळे थोडी भर.

पावसाचं पाणी हवेतला आणि मुख्यतः मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवतं. युकातानमध्ये आणखी एक भानगड आहे, खालून समुद्राचं खारं पाणी खडकात शिरलेलं असतं आणि गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, जिथे ही दोन पाणी मिसळतात तिथे चुनखडी जास्तच जोरात विरघळते. म्हणून भुयारं इतकी लांबलचक. साक आक्तुन आणि दोस ओखोस या दोन प्रणाली पाण्याखालून जोडलेल्या आहेत हे २०१८ मध्ये पाणबुड्यांनी (म्हणजे डायव्हर्सनी) सिद्ध केलं तेव्हा एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली होती!

आता पाण्याखाली लवणस्तंभ कसे, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. लवणस्तंभ फक्त हवेत बनतात, थेंबाथेंबाने. म्हणजे या गुहा एकेकाळी कोरड्या होत्या. हिमयुगात पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरहून जास्त खाली होती, त्याबरोबर तिथलं भूजलही खाली, आणि तेव्हा हे सगळं तयार झालं. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि गुहा बुडाल्या. २००७ मध्ये ओयो नेग्रो नावाच्या बुडालेल्या खड्ड्यात पाणबुड्यांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा मिळाला, तिला नाया म्हणतात, १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीची. ती तिथे चालत गेली होती, कोरड्या भुयारातून. अमेरिका खंडातल्या सगळ्यात जुन्या आणि जवळजवळ पूर्ण मिळालेल्या सांगाड्यांपैकी तो एक आहे. शेजारी नामशेष झालेल्या हत्तीवर्गीय प्राण्यांची हाडंसुद्धा सापडली.

अजून एक, बरेच गाइड सांगतात की सगळी सेनोते अशनी आदळल्यामुळे झाली. तसं नाहीये. चिक्शुलुबचा अशनी ६.६ कोटी वर्षांपूर्वी आदळला, विवर साधारण १८० किलोमीटर व्यासाचं, आता ते नंतर साचलेल्या चुनखडीखाली गाडलं गेलंय. त्या गाडलेल्या विवराच्या कडेवर सेनोतेंची एक अर्धगोल रांग आहे, मेरिदा शहराच्या भोवताली, होमुन आणि कुसामा ही गावं त्या रांगेत येतात. वायादोलिद आणि तुलुमची सेनोते त्या रांगेतली नाहीत, ती चुनखडी विरघळून झालेलीच पण त्यांचा विवराशी संबंध नाही.

आणि आपल्यासाठी यातली सगळ्यात भारी गोष्ट, त्याच सुमाराला इकडे आपला दख्खन लाव्हाने भरत होता. सह्याद्रीचे हे थर अशनी पडण्याआधीपासून साचायला लागले आणि नंतरही साचत राहिले. डायनोसॉर कशाने गेले, अशनीने की दख्खनच्या ज्वालामुखीने की दोन्हींनी, ही चर्चा अजून चालू आहे, त्यातला अशनीचा पुरावा तिकडे आणि ज्वालामुखीचा पुरावा आपल्या अंगणात.

आबा_पारनेर

सह्यखडक, छान माहिती. आमच्या पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे आहेत, खोल, गोल, आतून गुळगुळीत. ते आणि हे एकाच जातीचे का? आणि महाराष्ट्रात सेनोतेसारखं कुठे असू शकेल का?

सह्यखडक

नाही आबा, जात वेगळी. निघोजचा खडक बेसॉल्ट, तो पाण्यात विरघळत नाही. नदीच्या भोवऱ्यात दगडगोटे अडकून गरागरा फिरतात आणि खडक घासून खड्डा करतात, म्हणजे तिथे काम दगडाचं. सेनोतेत काम पाण्याच्या रसायनाचं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सेनोते होणार नाही. भारतात चुनखडीच्या मोठ्या गुहा बघायच्या तर मेघालय. बाकी अशनीचं विवर मात्र आपल्याकडे आहे आणि तेही बेसॉल्टमधलं, लोणार, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, जगात असं फार दुर्मिळ आहे. रांजणखळग्यांत मात्र पोहायला कोणी उतरू नका, आबा सांगतीलच.

आबा_पारनेर

बरोबर सांगितलंस. आत धरायला काही नाही, कडा शेवाळलेल्या आणि खालून प्रवाह. बाहेरून येणारी पोरं फोटोसाठी वाकतात आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी जातं. कुठल्याही डोहात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारावं, मेक्सिको असो का मावळ.

ऋतुजा_डॅलस

मी थोडं वेगळं मत मांडते. आम्ही गाइड न घेता गाडी भाड्याने घेऊन फिरलो आणि काहीही अडलं नाही. रस्ते चांगले आहेत, सेनोतेंच्या पाट्या मोठ्या आहेत, तिकीट काढायचं आणि उतरायचं. गाइडचे पैसे वाचतात, हवं तितका वेळ थांबता येतं, लहान मूल असेल तर त्याच्या झोपेप्रमाणे बेत बदलता येतो. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उगाच घाबरून टूर घेऊ नये. फक्त पेसो कॅश ठेवा, गावातल्या छोट्या ठिकाणी कार्ड चालत नाही. आणि घड्याळ! कॅनकून-तुलुम किंताना रो राज्यात येतं आणि वायादोलिद-चिचेन इत्झा युकातान राज्यात, दोन्हींमध्ये एक तासाचा फरक आहे. परतीच्या विमानाच्या दिवशी हे विसरलात तर तासभर उशीर झालाच समजा.

पाणकोंबडी

@ऋतुजा, तासाच्या फरकाचं मी लिहायला हवंच होतं, बरं झालं सांगितलंस. गाडीचंही बरोबर आहे, मोठ्या प्रसिद्ध सेनोतेंना गाइड लागत नाही आणि लहान मूल असेल तर मी पण गाडीच घेईन.

पण गुहेतल्या सेनोतेसाठी मी अजूनही गाइडच म्हणेन. एक म्हणजे पोहता पोहता पुढे एखादी कपार दिसते, आत निळा उजेड दिसतो आणि माणूस त्या बाजूला ओढला जातो, आमच्या गाइडने सुरुवातीलाच कुठपर्यंत जायचं ते दोन दगड दाखवून सांगितलं. दुसरं म्हणजे तो बरोबर नसता तर आम्ही निम्मं बघितलंच नसतं. भिंतीतल्या बिळाजवळ तोह पक्षी बसला होता, हिरवानिळा, शेपटीच्या टोकाला दोन लांब पिसं आणि ती घड्याळाच्या लंबकासारखी हलवत होता, गाइड म्हणाला की शेतात काम करताना हा दिसला की जवळ पाणी आहे असं आमचे म्हातारे समजायचे. एका लवणस्तंभावर काळपट डाग होता, लोकांनी हात लावलेला. हाताचं तेल बसलं की तिथे पुढे थर बसत नाही, तो स्तंभ वाढायचा थांबतो. माझ्या मुलीने त्यानंतर दोन्ही हात मुठीत घट्ट धरून ठेवले होते. आणि पैसे त्या गावात जातात, हाही मुद्दा आहेच माझ्यासाठी.

डोहडुंबा

मी स्कूबावाला, पुण्याचा, सध्या सिंगापूर. तुलुमला फक्त सेनोते डायव्हिंगसाठी गेलो होतो त्यामुळे पाण्याखालचं सांगतो.

स्नॉर्कलिंगला काही सर्टिफिकेट लागत नाही. स्कूबा करायचं तर साधं ओपन वॉटर (स्कूबाचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) असलं तरी गाइडबरोबर कॅव्हर्नमध्ये जाता येतं, म्हणजे जिथून बाहेरचा उजेड सतत दिसत राहतो तेवढ्याच भागात, आणि तोंडापासून साधारण ६० मीटरच्या आत. एका गाइडमागे जास्तीत जास्त चार जण. आत कायमचा दोर टाकलेला असतो, तो नजरेआड होऊ द्यायचा नाही. त्याच्या पुढे अंधाराचा भाग सुरू होतो तिथे यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली असते की इथून पुढे जाऊ नका, आतमध्ये असं काहीही नाही ज्यासाठी जीव द्यावा. त्या पाटीच्या पलीकडे जायला पूर्ण केव्ह डायव्हिंगचं वेगळं प्रशिक्षण लागतं, हवेचे तीन हिस्से करायचे, एक जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. समुद्रात काही बिघडलं तर वर येता येतं, इथे वर खडक आहे. समुद्रातल्या डाइव्ह कितीही झाल्या असल्या तरी पाटी ओलांडू नका, गाइड म्हणाला "थोडंसं पुढे जाऊ" तर त्या गाइडबरोबर परत जाऊ नका.

बाकी जे दिसतं ते शब्दांत सांगणं अवघड. सह्यखडक म्हणाले ते गोडं पाणी आणि खारं पाणी जिथे भेटतं तिथून पोहत गेलो की अचानक सगळं धूसर होतं, चष्मा काढल्यासारखं, दोन फूट खाली गेलो की परत लख्ख. आणि आंगेलिता म्हणून सेनोते आहे तिथे साधारण ३० मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा ढग पसरलेला असतो, त्यातून झाडांच्या फांद्या वर आलेल्या. तरंगत राहून बघायचं फक्त. नवख्यांसाठी नाही ते, खोल आहे. नवख्यांनी दोस ओखोस करा.

खादाडखाऊ

पोटाचं कोणीच बोलेना! शाकाहारी माणसाने दिवसभर काय खायचं? माझी आई अंडंही खात नाही.

पाणकोंबडी

@खादाडखाऊ, मक्याची ताजी टॉर्टिया सगळीकडे, ती सुखाने खाता येते. काळ्या घेवड्याची भाजी असते पण त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच "सिन मांतेका" सांगायचं आणि खात्री करून घ्यायची. सिकिल पाक म्हणून भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटो भाजून वाटलेलं तोंडीलावणं मिळतं, आम्ही ते टॉर्टियाबरोबर वाडगंभर संपवलं. पापाद्सुलेस शाकाहारी म्हणून सुचवतील, पण त्यात आत उकडलेलं अंडं असतं, आईंना चालणार नाही. आबानेरो मिरचीची चटणी आधी बोटाच्या टोकावर घेऊन बघा, फार जहाल असते. आणि आग्वा दे हामाइका नक्की प्या, ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचंच सरबत, सासऱ्यांनी एका घोटात ओळखलं. मांसाहारी असाल तर कोचिनिता पिबिल, खड्ड्यात भाजलेलं डुकराचं मांस, नवऱ्याने त्यावर ताव मारला.

जेवण पोहून झाल्यावर ठेवा, आधी नाही.

निळाई

सगळे छान छान लिहितायत म्हणून थोडं चिंतेचंही लिहिते, कारण मला या विषयाची तळमळ आहे. जी चुनखडी पाणी खाली सोडते ती घाणही तशीच खाली सोडते. मातीचा थर पातळ, गाळून निघायला वावच नाही. तुलुम ज्या वेगाने वाढलं त्या वेगाने मैलापाण्याची व्यवस्था वाढली नाही आणि ते पाणी भुयारांत उतरतं, तिथून समुद्रात, प्रवाळापर्यंत. होमुनमध्ये ४९,००० डुकरांचा फार्म येणार होता, गावाने विरोध केला, मुलांच्या नावाने कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये कोर्टाने तो थांबवला, पुढे २०२१ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती स्थगिती कायम ठेवली. केवढी मोठी गोष्ट आहे ही एका छोट्या गावासाठी!

आणि माया ट्रेन. कॅनकून ते तुलुमच्या टप्प्यात रेल्वेचा मार्ग जंगलातून उंच खांबांवरून नेला, ते लोखंडी खांब खाली गुहांच्या छतातून आरपार गेलेत, आत लवणस्तंभांच्या शेजारी काँक्रीट सांडलेलं पाणबुड्यांनी आणि गुहा शोधणाऱ्यांनी चित्रित केलंय. ट्रेनमुळे गावांना रोजगार मिळतोय हेही खरं, तिथले लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. पण मला ते खांब बघून पोटात कालवलं. जाणाऱ्यांनी निदान गाइडला याबद्दल विचारा, ते बोलतात मोकळेपणाने.

पाणकोंबडी

@निळाई, हो गं, आमच्या गाइडला विचारलं होतं. त्याचा भाऊ त्याच रेल्वेच्या कामावर होता, पगार चांगला मिळाला म्हणाला. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला की पाणी खराब झालं तर पगाराचं काय करायचं. तो नंतर बराच वेळ गप्प होता.

कातळशिल्प

मी मालवणचा. तिथे सेनोतेचं आणि शेताचं रक्षण करणारे आलुश असतात ना? मला कोणीतरी सांगितलं होतं. ऐकून आमचे राखणदारच आठवले.

पाणकोंबडी

@कातळशिल्प, असतात! छोटे, गुडघ्याएवढे, शेत आणि पाणी राखतात, त्यांना न विचारता काही केलं तर त्रास देतात असं मानतात. गावातल्या सेनोतेच्या जिन्याशी एका दगडावर वाटीत मक्याचं पेय ठेवलेलं होतं आणि कोपालचा (सुगंधी राळेचा) धूर. गाइड तिथे थांबला, हळू आवाजात दोन वाक्यं बोलला आणि मग आम्हाला उतरू दिलं. सासऱ्यांनी चपला आधीच काढल्या होत्या.

चिचेन इत्झाच्या पवित्र सेनोतेचंही इथेच सांगते, तिथे पोहता येत नाही, फक्त काठावरून बघायचं. पावसाचा देव चाक, त्याच्यासाठी तिथे जेड, सोनं, कोपाल आणि माणसंसुद्धा अर्पण केली जायची. १९०४ पासून एडवर्ड थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन माणसाने गाळ उपसून त्या वस्तू बाहेर काढल्या आणि बऱ्याच हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियमला पाठवल्या, त्यातल्या काही पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. पाणी हिरवं, गढूळ, निपचित. आदल्या दिवशी ते बघून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सेनोतेत उतरताना मनात वेगळाच आदर होता, म्हणून क्रम असाच ठेवा असं सुचवेन.

मिरजमळा

बायको तयार झाली! डिसेंबरची तिकिटं बघतोय. शेवटचे दोन प्रश्न. भारतीय पासपोर्टला व्हिसा? आणि आई बरोबर येतेय, तिचे गुडघे दुखतात, तिला जिने झेपतील का?

पाणकोंबडी

@मिरजमळा, अरे वा!! पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, आम्ही तसेच गेलो, तरी तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या साइटवर ताजा नियम वाचून घ्या. डिसेंबर चांगला, पावसाळा आणि वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर.

आईंसाठी, वायादोलिदच्या बाजूला पाणी खोल आहे म्हणून जिने जास्त. जमीन समुद्रापासून जसजशी आत चढते तसतसं पाणी खाली जातं, कारण भूजल जवळपास समुद्राच्या पातळीलाच असतं. त्यामुळे आईंना तुलुमच्या बाजूला न्या, तिथे चार-पाच पायऱ्यांत पाण्याला पाय लागतो. चिचेन इत्झाजवळच्या इक किल सेनोतेला जिना दगडी आणि रुंद आहे पण पाणी जमिनीखाली २६ मीटरवर, गुडघ्यांना नको. रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्या, लाकडी पायऱ्या फार निसरड्या असतात. पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे घ्या म्हणजे सनस्क्रीनची गरजच नाही. कोरडे कपडे आणि टॉवेल व्हॅनमध्ये ठेवू नका, बरोबर खाली न्या, बाहेर आल्यावर वर चढेपर्यंत थंडी वाजते. गाइडला विचारायचे प्रश्न एवढेच, ग्रुपमध्ये किती जण, प्रत्येक जागी किती वेळ, आणि तुम्ही स्वतः कुठल्या गावचे. तिसऱ्याचं उत्तर नीट मिळालं तर बुक करा. आमच्या गाइडचा नंबर इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.